ऐंशी बिटांची किल्ली, बत्तीस बिटांचं कुलूप

बिनतारी

२००४ चा पावसाळा. पुण्याच्या बाहेर सोलापूर रस्त्यावर एका तीन मजली इमारतीच्या गच्चीवर आम्ही दोघं मोबाइलचा टॉवर चालू करायला गेलो होतो. कंपनीचं नाव सांगत नाही. शेल्टरमधला एसी अजून लागलेला नव्हता, लॅपटॉप मांडीवर, घाम कीबोर्डवर टपकतोय आणि पडद्यावर पॅरामीटरची न संपणारी यादी. त्यात एक रकाना सायफरिंगचा, म्हणजे हवेतलं बोलणं कुलूपबंद करण्याचा. पर्याय तीन: ए५/०, ए५/१, ए५/२. शून्य म्हणजे कुलूपच नाही, बोलणं हवेत उघडं. सीनियरला विचारलं, काय ठेवू? तो म्हणाला, "झिरो राहू दे रे, टेस्टिंग झालं की वरून बदलतील." मी झिरो ठेवलं आणि आम्ही वडापाव खायला खाली उतरलो.

तेव्हा माझी समजूत अशी की १ आणि २ या आवृत्त्या असणार, म्हणजे २ हा नवा आणि जास्त भक्कम. निघालं बरोबर उलटं. ए५/१ पश्चिम युरोपसाठी १९८७ च्या सुमारास बनला. ए५/२ त्यानंतर दोन वर्षांनी, बाहेरच्या देशांना विकायला म्हणून, आणि तो जाणूनबुजून कमकुवत ठेवलेला. "निर्यातीचा माल" म्हटलं की आपल्याकडे हापूसची पहिल्या प्रतीची पेटी डोळ्यासमोर येते. इथे निर्यातीची पेटी डागी आंब्यांची होती.

बरं, पहिल्या प्रतीचा माल तरी खरा होता का? ए५/१ ची किल्ली ६४ बिटांची (बिट म्हणजे ० किंवा १, एक बिट वाढला की संभाव्य किल्ल्या दुप्पट). पण १९९८-९९ मध्ये अमेरिकेतल्या ब्रिसेनो, गोल्डबर्ग आणि वॅग्नर यांनी सिमकार्ड आणि फोन उलगडून पाहिले, तेव्हा त्या ६४ पैकी १० बिट कायम शून्य असल्याचं दिसलं. खरी किल्ली ५४ बिटांची. हे दहा शून्य कुठून आले यावर अनेक वर्षं नुसत्या कुजबुजी होत्या. केंब्रिजच्या रॉस अँडरसनने १९९४ मध्येच लिहिलं होतं की, ऐंशीच्या दशकात नाटो देशांच्या हेर खात्यांमध्ये यावरून जोरदार भांडण झालं म्हणतात. जर्मनांना पक्कं कुलूप हवं होतं, कारण पलीकडे पूर्व जर्मनी कान लावून बसलेला. बाकीच्यांना तशी गरज वाटत नव्हती. मग २०१४ च्या जानेवारीत 'आफ्तेनपोस्तेन' या नॉर्वेच्या दैनिकाने त्या काळी बैठकांना बसलेल्या माणसांना बोलतं केलं. यान आरिल्ड औडेस्टाड यांनी सांगितलं की, मूळ प्रस्ताव १२८ बिटांचा होता. ब्रिटिश ४८ वर अडून बसले, पश्चिम जर्मनीने विरोध केला, आणि घासाघीस करत सौदा ५४ वर पटला. मंडईत भाजीचा भाव ठरतो तसा.

आता ताजी दोन प्रकरणं, ज्यांच्यासाठी खरं तर हा धागा काढलाय.

पहिलं जीपीआरएसचं. आठवतं ना, फोनच्या कोपऱ्यात 'जी' किंवा 'ई' यायचं आणि एक फोटो उघडेपर्यंत चहा व्हायचा? त्या डेटाचं कुलूप जीईए-१, १९९८ चं. २०२१ मध्ये जर्मनीतल्या बोखुमच्या रुर विद्यापीठातल्या आणि फ्रान्स-नॉर्वेतल्या संशोधकांनी ते उघडं पाडलं. तोवर अल्गोरिदम, म्हणजे कुलपाची आतली रचना, गुप्तच होता, त्यांना तो नाव न सांगणाऱ्या कुणाकडून तरी मिळाला. आत तीन शिफ्ट रजिस्टर, म्हणजे बिट एकेक घर पुढे सरकवणाऱ्या पट्ट्या, ३१, ३२ आणि ३३ बिटांच्या. ६४ बिटांची किल्ली या तिघांत ओतायची. यातली ३१ वाली आणि ३३ वाली एकत्र धरली तर मिळून ६४ बिट होतात, म्हणजे त्यांच्या सुरुवातीच्या स्थिती २ चा ६४ वा घात इतक्या हव्यात. प्रत्यक्षात निघाल्या फक्त २ चा ४० वा घात. २४ बिट ओतता ओतता सांडले. हा योगायोग असेल का, हे पाहायला त्यांनी तशाच रचनेची रजिस्टरं यादृच्छिक निवडून दहा लाखांच्या आसपास वेळा प्रयोग केला. इतकी वाईट जोडी एकदाही लागली नाही, जवळपासही नाही.

दुसरं टेट्रा. युरोपातले पोलीस, रुग्णवाहिका, विमानतळ, बंदरं, वीजकंपन्या वापरतात तो वॉकीटॉकीचा संच. एत्सी या युरोपीय प्रमाणसंस्थेचं १९९५ चं मानक. त्याची कुलपं पंचवीसेक वर्षं गुप्त होती. मिडनाइट ब्लू नावाच्या डच चमूने एका मोटोरोला रेडिओच्या पोटातून ती बाहेर काढली, दीड वर्ष तोंड बंद ठेवून संबंधितांना दुरुस्तीला वेळ दिला आणि २०२३ च्या जुलैमध्ये जाहीर केली. त्यातल्या टीईए१ या कुलपाची किल्ली कागदावर ८० बिटांची. आत गेल्यावर पहिल्याच पायरीला तिची ३२ बिटांची चिमूट होते. पुढचं सगळं काम त्या चिमटीवर.

८० चं ३२ म्हणजे निम्म्याहून कमी, एवढंच नाही. सेकंदाला एक कोटी किल्ल्या लावून पाहणारं यंत्र धरा. ३२ बिटांच्या ४२९ कोटी किल्ल्या ते सात-साडेसात मिनिटांत संपवेल. ४० बिटांना साधारण ३० तास. ६४ बिटांना ५८ हजार वर्षं. ८० बिटांना ३८० कोटी वर्षं. त्या डच चमूने तर १९९८ सालच्या लॅपटॉपवरही टीईए१ फोडून दाखवला, १२ तास लागले.

माझा प्रश्न सरळ आहे. हा बॅकडोअर, म्हणजे मुद्दाम ठेवलेलं चोरदार, म्हणायचा की नाही?

मुक्ता_ह

वाचतेय. पहिला परिच्छेद वाचून मात्र पोटात गोळा आला. माझं २००४ मधलं लग्न फोनवरच जमलं होतं.

शंकेखोर

कुंपणच शेत खातं, दुसरं काय. क्रिप्टो एजीचं प्रकरण विसरलात का? स्विस कंपनी, शंभरावर देशांना सायफर यंत्रं, म्हणजे संदेश गुप्त करणारी यंत्रं, विकायची, भारत आणि पाकिस्तान दोघंही गिऱ्हाईक. २०२० मध्ये बाहेर आलं की १९७० पासून मालक सीआयए आणि बीएनडी हे जर्मन हेरखातं. एवढं झाल्यावरही 'बॅकडोअर म्हणायचं का' असा प्रश्न पडत असेल तर धन्य आहे.

सोल्डरगन

बिनतारी, लेख आवडला, निष्कर्षाकडे जायची घाई मात्र आवडली नाही.

नव्वदच्या दशकात मजबूत कूटलेखन हे कायद्याने शस्त्राच्या रांगेत होतं. अमेरिकेबाहेर जाणाऱ्या सॉफ्टवेअरला ४० बिटांची मर्यादा होती, नेटस्केपची 'इंटरनॅशनल' आवृत्ती ज्यांनी उतरवून घेतलीय त्यांना आठवेल. युरोपातही शस्त्रं आणि तशा तंत्रज्ञानाच्या निर्यातीवर लगाम घालणारा वासेनार करार होता. जीईए-१ च्या गरजांच्या यादीत, निर्यातीचे निर्बंध लक्षात घेऊन तो सर्वत्र विकता यावा, असं लेखी आहे. २०२१ मध्ये एत्सीच्या प्रवक्त्याने पत्रकारांना तेच सांगितलं: नियमांनी ताकदीवर मर्यादा घातली होती, आम्ही नियम पाळले. याला कट कसं म्हणायचं? कटात कोणी 'हो, केलं' असं म्हणत नाही.

बिनतारी

सोल्डरगन, ते 'हो, केलं' म्हणायला तेवीस वर्षं लागली आणि तेही बाहेरच्यांनी गणित मांडून दाखवल्यावर.

माझा आक्षेप ४० बिटांवर नाहीच. ४० ची मर्यादा होती ना, मग ४० लिहा. नेटस्केपने ४० च लिहिलं होतं, घेणाऱ्याला कळत होतं की आपल्या हातात काय पडतंय. इथे पिशवीवर फुल क्रीम छापलंय आणि आत पाणी. बरं, पाणी किती घातलं ते डेअरीवाल्याला माहीत, सरकारला माहीत, फक्त चहा करणाऱ्याला नाही. टीईए१ विकत घेणाऱ्या वीजकंपनीचा इंजिनियर निविदेत '८० बिट' लिहून सही करत होता.

सोल्डरगन

दुधाचं उदाहरण चपखल आहे, मान्य. 'सरकारला माहीत' हे मात्र सिद्ध करावं लागेल.

रानवारा

मी ड्यूसेलडॉर्फला असतो, बोखुम इथून तासाभरावर. त्या चमूतल्या कुणाला ओळखत नाही, पण एक गोष्ट इथे कोणी लिहिली नाही ती लिहितो. जीईए-१ नव्या फोनांत नसावा असं २०१३ मध्येच ठरलेलं होतं. संशोधकांनी बाजारातले फोन तपासले तर २०१८ चे आयफोन आणि सॅमसंग गॅलॅक्सीसुद्धा तो मजेत बोलत होते. कुणी वाईट हेतूने ठेवला असं नाही. चिपमधला जुना कोड काढायची तसदी कोण घेणार?

म्हणजे निर्यातीचे नियम २००० च्या आसपास सैल झाले, ते करायला लावणारं शीतयुद्ध तर त्याच्याही आधी संपलं, आणि कुलूप आपलं वीस वर्षं दाराला तसंच.

बिनतारी

+१. ए५/२ चं पण तेच. तो १९९९ मध्ये उघड झाला आणि लगेच मोडला. २००३ मध्ये इस्राएलच्या टेक्निऑनमधल्या बारकान, बिहाम आणि केलर यांनी जे दाखवलं ते जास्त भयानक होतं. फोन ए५/१ वापरो की ए५/२, किल्ली तीच असते. मग चोराने तुमचं ए५/१ मधलं बोलणं नुसतं ध्वनिमुद्रित करून ठेवायचं, नंतर खोटा टॉवर उभा करून फोनला सांगायचं की बाबा रे, मला फक्त ए५/२ येतो. फोन बिचारा आज्ञाधारक. ए५/२ क्षणात फुटतो, किल्ली हातात, आणि जुनं ध्वनिमुद्रणही उघडतं. निर्यातीचा डागी आंबा पेटीत एकच असला तरी शेजारचे नासवतो तो असा. त्यानंतरही नव्या फोनांतून ए५/२ हद्दपार व्हायला तीन-चार वर्षं गेली.

आणि ए५/१ साठी २००९ च्या डिसेंबरात बर्लिनला कार्स्टन नोलने किल्ली शोधायचे तयार तक्तेच मांडले, साधारण दोन टेराबाइटचे. घरच्या हार्डडिस्कवर मावतील एवढे.

तात्या_सातारकर

मला यातलं ओ की ठो कळत नाही पण एक विचारतो. घरच्या वायफायचं काय? आमच्या इथे केबलवाल्याच्या पोराने बसवून दिलंय. पासवर्ड सोसायटीचं नाव आणि १२३.

सोल्डरगन

तात्या, तुमच्या पासवर्डला एनएसएची, म्हणजे अमेरिकेच्या कान लावून बसणाऱ्या हेरखात्याची, गरज नाही, शेजारचा सातवीतला मुलगा पुरेसा आहे. :)

वायफायचं उदाहरण मी मुद्दामच देतो, कारण तिथे संशय घेणाऱ्यांचा घसा कोरडा पडतो. १९९७ च्या मूळ मानकातलं डब्ल्यूईपी हे कुलूप अत्यंत भिकार होतं. किल्ली ४० बिटांची, ती निर्यातीच्या नियमामुळे, कबूल. पण पुढे लोकांनी किल्ली १०४ बिटांची केली तरी ते फुटायचं थांबलं नाही, कारण मूळ दोष निराळाच होता. प्रत्येक पाकिटाला नवा आकडा जोडायचा, त्याला जागा दिली २४ बिट. म्हणजे १ कोटी ६७ लाख आकडे, गजबजलेल्या नेटवर्कवर काही तासांत संपतात आणि परत पहिल्यापासून. त्यात आरसी४ हा आतला अल्गोरिदम वापरण्याची तऱ्हा चुकीची. २००१ मध्ये फ्लुरर, मँटिन आणि शमीर यांनी ते दाखवलं आणि पुढच्या काही वर्षांत कोणीही फुकटचं सॉफ्टवेअर घेऊन मिनिटांत आत शिरू लागलं. यात कारस्थान कुठे आहे? रेडिओवाले इंजिनियर एकत्र बसले, कूटशास्त्र जाणणारा कोणी खोलीत नव्हता. आपल्याकडे कमिटी नेमून इमारत बांधतात तसं.

शंकेखोर

आणि वायफायचं नवं कुलूप, डब्ल्यूपीए३? त्याचं काय सांगाल? त्याच्या गाभ्यात पासवर्डवरून किल्ली ठरवायची ड्रॅगनफ्लाय नावाची पद्धत आहे. ती इंटरनेट मानकांच्या ज्या कूटशास्त्र गटात तपासली गेली, त्याचा एक सहअध्यक्ष एनएसएचा चक्क पगारी नोकर होता. २०१३ च्या डिसेंबरात, एनएसएची गुपितं फोडणाऱ्या स्नोडेनच्या कागदांनंतर, ट्रेव्हर पेरिनने त्याला काढा म्हणून जाहीर मागणी केली. काढलं नाही. २०१५ मध्ये ड्रॅगनफ्लाय आरएफसी, म्हणजे त्या मानकांचा जाहीर दस्तऐवज, झाली. २०१८ मध्ये डब्ल्यूपीए३ आलं. २०१९ च्या एप्रिलमध्ये मॅथी व्हॅनहूफ आणि एयाल रोनेन यांनी 'ड्रॅगनब्लड' नावाने त्यात भोकं दाखवली. साखळी दिसतेय का?

सोल्डरगन

साखळी दिसते, पण शेवटची कडी तुम्ही हाताने जोडलीत. पद्धत बनवणारा एनएसएचा नव्हता. आणि ड्रॅगनब्लडमधलं मुख्य भोक कसलं होतं? पासवर्डचं रूपांतर गणितातल्या एका वक्रावरच्या बिंदूत करताना कधी एक फेरी पुरते, कधी पाच लागतात, त्या वेळेच्या फरकावरून पासवर्डचा अंदाज येतो. ही शंका त्याच गटाच्या चर्चेत आधीच काढली गेली होती, सगळ्यांसमोर. ऐकलं गेलं नाही. हेर असता तर त्याने असं भोक ठेवलं असतं जे चर्चेत कोणाला दिसणारच नाही. जीईए-१ सारखं.

बिनतारी

आता आपण दोघं एकाच बाजूला आलोय, फक्त वेगवेगळ्या जिन्याने. डब्ल्यूईपीचं मानक निदान लोकांना वाचता येत होतं, म्हणून चार वर्षांत फुटलं. ड्रॅगनफ्लायची चर्चा उघड्यावर, डब्ल्यूपीए३ नंतर दहा-अकरा महिन्यांत भोकं बाहेर. जीईए-१ ला तेवीस वर्षं. टीईए१ ला अठ्ठावीस. दोन्ही गुप्त. म्हणून माझा संशय कुठल्या देशावर नंतर, आधी त्या 'अल्गोरिदम गोपनीय' शिक्क्यावर.

आणि हो, टेट्राचं पुढचं: ओरड झाल्यावर एत्सीने २०२३ च्या शेवटी सगळे अल्गोरिदम खुले करायचं ठरवलं. पण २०२५ मध्ये त्याच डच चमूने दाखवलं की टेट्रावर वर चढवलेल्या एंड-टू-एंड, म्हणजे बोलणाऱ्यापासून थेट ऐकणाऱ्यापर्यंतच्या, कुलपाच्या एका अंमलबजावणीत १२८ बिटांची किल्ली ५६ वर आणून ठेवलेली आहे. म्हणजे भोक बुजवायला जे ठिगळ लावा म्हणत होते, त्यालाच भोक.

नीलाक्षी

ब्लूटूथ राहिलं की! २०१९ चा 'नॉब' हल्ला. दोन उपकरणं जोडली जाताना किल्ली किती बळकट ठेवायची ते आपसात ठरवतात, १ ते १६ बाइट, आणि हे ठरवणं कुठल्याही संरक्षणाशिवाय. मधल्या माणसाने '१' म्हटलं की दोघंही १ वर राजी. एक बाइट म्हणजे २५६ किल्ल्या, बॅगेच्या तीन आकडी कुलपालासुद्धा हजार असतात. ही १ ते १६ ची सोय मानकात कशासाठी, तर वेगवेगळ्या देशांचे कूटलेखनाचे कायदे पाळता यावेत म्हणून. आता किमान ७ बाइट केलंय.

दिल्लीकर_जोशी

अवांतर: दिल्ली मेट्रोतही टेट्रा आहे.

बिनतारी

आहे, पण टेट्रा म्हणजे टीईए१ असं समीकरण करू नका. मूळची चार कुलपं आहेत, टीईए२ तर युरोपच्या पोलीस-लष्करासारख्या खात्यांसाठीच राखीव.

खाडीपलीकडे

आपल्याकडचं एक सांगतो, कारण सगळी चर्चा युरोपात फिरतेय. २६ जुलै २००८, अहमदाबादचे स्फोट. त्याच्या काही मिनिटं आधी जबाबदारी घेणारा ईमेल गेला, आणि माग काढत पोलीस पोचले आमच्या सानपाड्यात. एका अमेरिकन भाडेकरूच्या फ्लॅटमधलं उघडं वायफाय, बाहेर बसून कुणीतरी वापरलेलं. मी दोन सेक्टर सोडून राहायचो. त्या आठवड्यात आमच्या इमारतीत सेक्रेटरींनी नोटीस लावली, 'ज्यांच्याकडे वायरलेस आहे त्यांनी ते रात्री बंद करावे', जणू पाण्याचा पंप. पुढे २००९ च्या जानेवारीत मुंबई पोलिसांनी लॅपटॉप घेऊन फिरत उघडी वायफाय शोधायची मोहीम काढली.

तेव्हा गंमत अशी की लोकांनी घाबरून राउटरला कुलूप लावलं आणि बहुतेकांनी यादीतला पहिला पर्याय निवडला. डब्ल्यूईपी. मीही.

सोल्डरगन

हाहा, मीही.

आणि भारताचा विषय निघालाच आहे तर, आपल्या इंटरनेट परवान्याच्या अटींत अनेक वर्षं असं कलम होतं की ४० बिटांपर्यंतचं कूटलेखन परवानगीशिवाय वापरा, त्याच्या वर जायचं तर परवानगी काढा आणि उलगडायची किल्ली सरकारजमा करा. त्याच सुमारास, २००१ पासून, रिझर्व्ह बँक इंटरनेट बँकिंगला किमान १२८ बिट हवेत म्हणून सांगत होती. एक खातं म्हणतं दार लावू नका, दुसरं म्हणतं तीन कड्या लावा.

मुक्ता_ह

बिनतारी, तुमच्या त्या टॉवरच्या झिरोबद्दल विचारायचं होतं. फोनला कळत नाही का की कुलूप नाहीये?

बिनतारी

फोनला कळतं, तुम्हाला सांगत नाही. जीएसएमच्या, म्हणजे २जी मोबाइलच्या, मानकात तशी सोय आहे: जोडणी उघडी असेल तर फोनने खूण दाखवावी. काही जुन्या फोनांवर उघड्या कुलपाचं चित्र यायचंही. पण त्याच मानकात सिमकार्डावर एक बिट आहे, तो कंपनीने ठरवला की खूण गप्प. आमच्या ऑफिसात एकाकडे परदेशातून आणलेला फोन होता, त्यात परदेशी सिम घातलं की उघडं कुलूप दिसायचं आणि आपलं सिम घातलं की गायब. टॉवर तोच. आम्ही सगळे टेबलाभोवती जमून ते सिम आलटून पालटून घालत होतो, लहान मुलांसारखे. मग मॅनेजर आला.

तात्या_सातारकर

बरं मग आता करायचं काय ते सांगा. वायफायचा पासवर्ड नातवाने बदलला, आता मलाच आठवत नाही.

नीलाक्षी

तात्या, चिकटवून ठेवा राउटरखाली, घरात चोर आला तर तो वायफायसाठी येणार नाही. सेटिंगमध्ये डब्ल्यूपीए२ किंवा ३ आहे ना तेवढं नातवाला बघायला सांगा. आणि अँड्रॉइड १२ नंतरच्या बऱ्याच फोनांत सिमच्या सेटिंगमध्ये '२जी वापरू द्या' असं बटण असतं, ते बंद करा. खोट्या टॉवरचे बहुतेक खेळ फोनला २जी वर ओढूनच होतात.

खाडीपलीकडे

मी आत्ता बंद केलं. काही फरक पडला नाही. मग आईचा हातात घेतला. तो बटणांचा, त्यात २जी सोडून काहीच नाही. पेन्शनच्या खात्याचा ओटीपी त्याच्यावरच येतो.

बिनतारी

तो नंबर ४जीच्या बटणफोनात टाका. तसे मिळतात.

खाडीपलीकडे

म्हटलं मी तिला. बॅटरी चार दिवस जाते का म्हणून विचारतेय.